गैरहजर कोण, मूल की शाळा?

मागच्या व्याख्यानात आपण शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम पाहिला. पण फी गेली, सक्ती आली, तरी काही मुलं शाळेबाहेरच राहतात. असं का होतं? आज त्यासाठी आपण डहाणू तालुक्यात जाऊ.

भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुलं काही येईनात. आता इथं ‘पालकांना शिक्षणाची किंमत नाही’ म्हणून हात झटकता आले असते. त्यांनी तसं केलं नाही. शिक्षिका वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणातच वर्ग भरवला. तीच अंगणवाडी. १९७५ साली सरकारी योजनेनं हेच नाव देशभर नेलं.

मॉन्टेसरीचं साहित्य महाग होतं. मग शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांतूनच मोजणं, रंग, आकार शिकवले.

पुढं १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. आपण नीट बघितलं तर गैरहजेरीची कारणं अगदी साधी होती. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंडं असायचं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. पोरं गुरांमागं जायची; म्हणून शाळाच कुरणात गेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत.

यानं सगळं सुटलं का? नाही. ज्या १९४५ साली बोर्डीचं काम सुरू झालं, त्याच साली याच भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. जमीन आणि मजुरीचे प्रश्न एकटी शाळा सोडवू शकत नाही, हे आपण मान्य करायला हवं.

तरीही एक गोष्ट हा इतिहास आपल्याला देतो. आपण शाळेचं यश निकालाच्या टक्केवारीत मोजतो, म्हणजे परीक्षेला बसलेल्यांतच मोजतो. जी मुलं तिथवर पोचलीच नाहीत, ती त्या हिशेबात नसतातच. ताराबाई-अनुताईंनी हिशेब उलटा मांडला: आज कोण आलं नाही, आणि त्यासाठी आपण काय बदलायचं? मूल शाळेत बसत नसेल, तर आधी शाळा बदलून पाहायची.

आपल्या शाळांच्या हजेरीपटाला आपण हा प्रश्न विचारतो का?