एका भिंतीची गोष्ट
उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ हा तेलमंच १९७६ साली चालू झाला, तो तेलासाठी. पुढे त्यावर वायू दाबणारी यंत्रे बसली, तीही नियंत्रणकक्षाच्या शेजारी! मधल्या भिंती आगीला तोंड देणाऱ्या, स्फोटाला नव्हे. ६ जुलै १९८८ च्या रात्री स्फोट झाला, १६७ माणसे गेली. आम्ही फेरफाराला दोष देत नाही. जुन्या भिंतींचा हिशेब नव्याने मांडला गेला नाही, हा दोष. लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालानंतर, १९९२ साली, ब्रिटनमध्ये तसा कायदेशीर नियमच झाला. आज नकाशे संगणकात असतात; नळ भिंतीला आडवा आला की संगणक तत्काळ दाखवतो. पण भिंत आगीसाठी की स्फोटासाठी, हे त्यात कोणी नोंदलेच नसेल, तर तो बिचारा काय सांगणार!