दोन भाऊ, दोन कागद: मृत्युपत्र की ट्रस्ट?

लढाया, तह, किल्ले हे सगळं आज जरा बाजूला ठेवू. आज इतिहासातला एक अगदी घरगुती प्रश्न घेतोय. माणूस गेल्यावर त्याच्या मालकीचं जे काही असेल, त्याचं काय करायचं? मृत्युपत्र लिहायचं की ट्रस्ट करायचा?

तुमच्यातले अर्धे जण आत्ताच म्हणाले असतील, "आमच्याकडे आहे काय? एक मोबाइल, आणि त्याचेही हप्ते चालू आहेत." बरोबर. पण आई-बाबांचा फ्लॅट आहे, गावाकडे जमिनीचा तुकडा आहे, कुणाच्या घरी स्वतःचं स्वतः बघू न शकणारा भाऊ किंवा बहीण आहे. हा प्रश्न तुमच्यापर्यंत येणारच आहे. म्हणून मी आज तुम्हाला मुंबईतल्या दोन सख्ख्या भावांची गोष्ट सांगणार आहे. दोघांचे वडील एक, घराणं एक, दोघांनाही मूलबाळ नाही. एकाने मृत्युपत्र लिहिलं, दुसऱ्याने जिवंतपणी ट्रस्ट केला. नावं तुम्हाला माहीत आहेत: सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा, जमशेटजींचे मुलगे.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. मृत्युपत्र, म्हणजे विल किंवा इच्छापत्र, हा तुम्ही गेल्यावर बोलणारा कागद. तुम्ही जिवंत आहात तोवर तो गप्प असतो. आज लिहा, उद्या फाडा, परवा नवीन लिहा, कुणी विचारणार नाही. ट्रस्टचं तसं नाही. ट्रस्टमध्ये तुम्ही तुमची मालमत्ता काही विश्वस्तांच्या हाती सोपवता आणि सांगून ठेवता, की ही अमुक माणसांसाठी किंवा अमुक कामासाठी वापरा. कागदावर मालकी विश्वस्तांची, पण उपभोग त्यांचा नाही. आणि हा कागद तुमच्या मरणाची वाट बघत नाही.

आता धाकटा भाऊ. रतनजींचा जन्म 1871 चा. (तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर जे रतन टाटा येतात ते हे नव्हेत. त्यांच्याकडे येतोच.) यांना कलेचा भारी शौक, आणि हात सढळ. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा लढा चालू होता तेव्हा त्यांनी पैसे पाठवले. पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसे दिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गरिबीचा अभ्यास व्हावा म्हणून दिले. 1913 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, त्यांनी मृत्युपत्र केलं. पुढे तब्येत बिघडली, उपचारांसाठी इंग्लंडला गेले आणि 5 सप्टेंबर 1918 ला कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्ज गावी वारले. वय अवघं 47.

त्यांच्या मृत्युपत्रातूनच 1919 मध्ये 80 लाख रुपयांचा सर रतन टाटा ट्रस्ट उभा राहिला. म्हणजे बघा, "मृत्युपत्र की ट्रस्ट" हा प्रश्नच पूर्ण बरोबर नाही. मृत्युपत्रातूनही ट्रस्ट काढता येतो. त्यांचा कलासंग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला मिळाला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला. काळा घोड्याला गेलात तर आवर्जून बघा.

पण या वाटेत एक गोष्ट हातची जाते. आपल्या नावाच्या ट्रस्टमधून खर्च झालेला एक रुपयाही रतनजींनी पाहिला नाही. कागद बोलायला लागला तेव्हा ते नव्हते. कुठे चुकतंय, कुणाला बदलायला हवं, हे सांगायला कुणी नाही. सगळा भार मागे राहिलेल्यांवर. सुदैवाने मागे नवाजबाई होत्या, त्यांच्या पत्नी. पुढे त्या टाटा सन्सच्या संचालक झाल्या आणि 1965 पर्यंत जगल्या. त्यांनी जे. एन. पेटिट अनाथाश्रमातला एक मुलगा दत्तक घेतला. त्याचं नाव नवल. या नवल टाटांचे चिरंजीव म्हणजे तुमच्या-माझ्या ओळखीचे रतन टाटा! 1913 मध्ये मृत्युपत्रावर सही करताना रतनजींना या नातवाची कल्पना तरी असेल का?

आता थोरले दोराबजी. जन्म 1859 चा. यांचा एक किस्सा आधी सांगतो. 1924 मध्ये जमशेदपूरची पोलाद कंपनी बुडायला आली होती. तेव्हा दोराबजींनी स्वतःची सगळी मिळकत इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली हिराही होता, 245 कॅरटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. कंपनी वाचली. हिरा परत आला.

मग 1931 च्या जूनमध्ये मेहेरबाई रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. मूलबाळ नाही, घर रिकामं. 11 मार्च 1932 ला दोराबजींनी ट्रस्टच्या कागदावर सही केली आणि जवळ होतं नव्हतं ते सगळं विश्वस्तांच्या हवाली केलं: टाटा सन्सचे शेअर्स, जमीनजुमला, मेहेरबाईंचे दागिने, इतकंच काय, स्वतःची मोत्याची टायपिनसुद्धा. त्या काळचे साधारण 1 कोटी रुपये. ब्लड कॅन्सरच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावाने वेगळा ट्रस्ट केला. एप्रिलमध्ये ते इंग्लंडला निघाले, बायकोच्या समाधीवर पहिल्या वर्षदिनाला फुलं वाहायला. तिथवर पोचलेच नाहीत. 3 जून 1932 ला जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे वारले. सहीला तीन महिनेही झाले नव्हते.

ते गेले तेव्हा वाटायला जवळपास काही उरलंच नव्हतं. ट्रस्ट आधीच सुरू झाला होता. ज्युबिली हिरा पुढे विकला गेला आणि पैसे ट्रस्टला मिळाले. 1936 मध्ये समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टिस. 1941 मध्ये परळला टाटा हॉस्पिटल सुरू झालं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात "टाटाला नेलंय" म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही, ते हे. 1945 मध्ये टीआयएफआर.

हे सगळं जमलं कशामुळे? मला वाटतं, दोराबजींनी कागदात फार काही बांधून ठेवलं नाही म्हणून. शिक्षण, संशोधन, संकटात मदत आणि इतर धर्मादाय कामं, आणि जात-धर्म-देश बघायचा नाही. बाकी विश्वस्तांवर सोडलं. आज टाटा सन्सचे साधारण 66 टक्के शेअर्स टाटांच्या ट्रस्टांकडे आहेत. त्यातले सगळ्यात मोठे दोन म्हणजे या दोन भावांचे.

पण ट्रस्टची किंमतही मोजावी लागते. दोराबजी आणखी दहा वर्षं जगले असते, तर ती टायपिन त्यांची राहिली नसती. जिवंतपणी हात सोडायची तयारी लागते. खासगी ट्रस्ट रद्द करायचा हक्क स्वतःकडे राखून ठेवता येतो, पण तो आधीच कागदात लिहावा लागतो.

आणि ट्रस्ट केला म्हणजे मेल्यावरही हुकूम चालवता येतो, असं समजू नका. याचा धडा कोलकात्यात मिळाला. टाटांच्या आधीची गोष्ट आहे. प्रसन्नकुमार टागोर मोठे जमीनदार आणि वकील. एकुलता एक मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला, म्हणून बापाने त्याला मृत्युपत्रातून वगळलं. इस्टेट विश्वस्तांकडे दिली आणि लिहून ठेवलं, की आधी पुतण्या जतींद्रमोहन, मग त्याचे मुलगे, मग त्यांचे मुलगे. त्यातले कित्येक तर जन्मायचे होते! 1868 मध्ये प्रसन्नकुमार गेले आणि खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये पोचला. 1872 मध्ये निकाल लागला: पुतण्याला त्याच्या हयातीपुरता उपभोग मिळेल, पण न जन्मलेल्यांना दिलेलं हिंदू कायद्यात टिकत नाही. म्हणजे पुतण्यानंतर इस्टेटीवर हक्क कुणाचा? ज्याला वगळलं त्या मुलाचा! नंतर कायदा थोडा सैल झाला, पण तत्त्व आजही आहे. धर्मादाय ट्रस्ट पिढ्यान्पिढ्या चालू शकतो, खासगी ट्रस्टला मुदतीची मर्यादा असते.

मग आपल्यासारख्यांनी काय निवडायचं? मी माझ्यापुरता एक प्रश्न ठरवलाय. वस्तू कुणाला तरी द्यायची आहे, की कुणासाठी तरी सांभाळायची आहे?

द्यायची असेल तर मृत्युपत्र पुरतं. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. सही आणि दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार शक्यतो असे घ्या ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. पण नंतर कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. मुंबईसारख्या जुन्या इलाखा शहरांत मृत्युपत्राला कोर्टाचं शिक्कामोर्तब, म्हणजे प्रोबेट, घेणं अनेक दशकं आवश्यक होतं. 2024 मध्ये रतन टाटा गेले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रासाठीही मुंबई उच्च न्यायालयात प्रोबेटचा अर्ज करावा लागलाच. आपल्या वेळी काय नियम आहे, ते वकिलाला विचारून घ्या.

सांभाळायची असेल तर ट्रस्टचा विचार करा. मतिमंद भावंड, लहान मूल, पैशाचे व्यवहार न कळणारी म्हातारी आजी. यांच्या नावावर फ्लॅट करून काय उपयोग, तो सांभाळणार कोण? घर किंवा जमीन जिवंतपणी ट्रस्टमध्ये घालायची तर नोंदणीकृत दस्त लागतो, स्टॅम्प ड्युटीचा खर्च येतो, पुढे हिशेब ठेवावे लागतात. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे विश्वासाची माणसं शोधणं.

"पण आम्ही नॉमिनी लावलाय ना!" हे मला हमखास ऐकू येतं. मंडळी, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. प्रत्येक मराठी घरात ज्यांचं कॅलेंडर लटकतं, त्या कालनिर्णयच्या जयंतराव साळगावकरांच्या गुंतवणुकीवरून हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. डिसेंबर 2023 मध्ये कोर्टाने सांगितलं: नॉमिनीच्या हाती शेअर्स येतात, पण त्यामुळे तो मालक ठरत नाही. मालक कोण हे मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतं.

खरी अडचण कायद्याची नाहीच. मी घरी हा विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले, "का रे, मला घालवायची एवढी घाई?" आणि आई म्हणाली, "तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये." मी गप्प बसलो. दोन दिवसांनी बाबांनीच विचारलं, "ते साक्षीदारांचं काय म्हणत होतास?" त्या संध्याकाळी आम्ही नुसती यादी केली: काय आहे, कुठे आहे, पासबुकं कुठल्या कपाटात आहेत. बस. सुरुवात एवढीच असते.

रतनजींनी सही केली तेव्हा ते 42 वर्षांचे होते आणि हातात पाच वर्षं होती. दोराबजींच्या हातात तीन महिने होते. दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. वाटा वेगळ्या होत्या, पण दोघांनीही सही वेळेत केली.

तुमच्या घरी हा विषय निघालाय का? कुणी काढला, काय उत्तर मिळालं, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि हा भाग आई-बाबांनाही ऐकवा. तिन्हीसांज टाळून!