भिंतीवरचा हात



गेल्या हिवाळ्यात आम्ही गटातल्या बाया वर्ध्याजवळ सेवाग्रामला जाऊन आलो. बापूकुटीत चपला काढून शिरलो. आत मातीची भिंत, आणि त्या भिंतीवर मातीनेच उठवलेली झाडं, चरखा, ॐ. आमच्यासोबत सत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांचा जन्म भिंती सारवण्यात गेलेला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा बाईचा हात आहे."

आजींचं बरोबर होतं. ती चित्रं मीराबेनची. आणि नुसती चित्रंच नाही, ती कुटीसुद्धा आधी मीराबेनचीच होती. गांधीजींच्या आधीच्या घरात, म्हणजे आदिनिवासात, माणसांची दाटी झाली, तेव्हा ते या कुटीत राहायला आले. तेव्हापासून ती बापूकुटी झाली. परतीच्या एसटीत आम्ही हेच बोलत होतो. घर तिचं, हात तिचा, नाव मात्र दुसऱ्याचं. हे आपल्या ओळखीचं आहे ना? म्हणून आज मीराबेनची गोष्ट सांगायची ठरवली.

मीराबेनचं मूळ नाव मॅडेलिन स्लेड. जन्म 22 नोव्हेंबर 1892 चा, इंग्लंडमधला. वडील इंग्रजांच्या आरमारात मोठे अधिकारी. घरी घोडे, नोकरचाकर, कशाची ददात नाही. त्यांना वेड होतं बेथोव्हेनच्या संगीताचं. हा जुन्या काळातला जर्मन संगीतकार. त्याच्याविषयी लिहिणारे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांना भेटायला त्या गेल्या. रोलाँ यांनी गांधीजींवरही पुस्तक लिहिलं होतं. ते वाचलं आणि मॅडेलिनबाईंनी ठरवलं, आता जायचं ते याच माणसाकडे.

उतावीळपणा केला नाही, हे विशेष. एक वर्ष तयारी केली. सूत कातायला शिकल्या, मांस सोडलं, जमिनीवर झोपायची सवय केली, उर्दूचे धडे घेतले. 7 नोव्हेंबर 1925 ला त्या साबरमतीच्या आश्रमात पोचल्या. तेव्हा त्या तेहतिसाव्या वर्षाला टेकल्या होत्या आणि गांधीजी छप्पन्न वर्षांचे होते. त्यांनी तिला मुलगी मानलं, मीरा हे नाव दिलं. तिने केस उतरवले, खादी नेसली, ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. 1928 मध्ये वडील वारले, तेव्हा ती इथेच होती.

आता मैत्रिणींनो, इथून पुढे नीट ऐका, कारण गोष्टीचा गाभा इथे आहे. मीराबेनला वाटायचं की बापूंच्या जवळ राहावं, त्यांचं जेवणखाण बघावं, त्यांची सेवा करावी. गांधीजींना वाटायचं की हिने माझ्या देहात गुंतू नये, कामात गुंतावं. म्हणून ते तिला सारखे लांब पाठवायचे. हिंदी शिकायला कधी दिल्लीच्या कन्या गुरुकुलात, कधी रेवाडीच्या आश्रमात. वर्ध्याला विनोबांच्या आश्रमातही ती राहिली. 1927 च्या मार्चमध्ये आपल्या कोल्हापूरला दौऱ्यात गांधीजींची तब्येत एकदम ढासळली. मीराबेन दूर होती, जीव खालीवर झाला, जायची परवानगी मागितली. उत्तर आलं ते न येण्याचं, आणि दुरावा सोसायला शिक म्हणून.

ती दूर असली की आजारी पडायची, जवळ असली की रागावणं ऐकायची. पत्रं मात्र येत राहिली, शेकड्यांनी. पुढे त्यांचं पुस्तकही निघालं. त्यात काळजी आहे, औषधपाण्याच्या सूचना आहेत, आणि तिला दूर पाठवल्यावर त्यांनाही वाईट वाटलं, हेही आहे. म्हणजे गांधीजी दगडाच्या काळजाचे होते असं म्हणायची सोय नाही. 1936 मध्ये मीराबेनला टायफॉइड झाला, तेव्हा त्यांनी स्वतः तिची शुश्रूषा केली.

मग एकतर्फी काय होतं? आमच्यात यावर वाद झाला. एक जण म्हणाली, एवढी पत्रं कोण लिहितं? दुसरी म्हणाली, पत्रं लिहिली, पण कधी यायचं, कधी जायचं, कुठे राहायचं हे ठरवायचं कुणी? आम्हाला दुसरीचं पटलं. गांधीजींकडे रोज ढिगाने टपाल येई, सारा देश त्यांच्या दारात. मीराबेनच्या दारात एकच माणूस होता. तो हसला तर तिचा दिवस चांगला, तो गप्प राहिला तर तिला घास जाईना. यात कुणी वाईट असायची गरज नसते. आपल्याकडेही एखादी बाई मोठ्या ताईंच्या मागे तीन-तीन वर्षं फिरते. सभेला गाडी भरून बायका नेते, घरचं निंदण राहून जातं. ताई चांगल्याच असतात, नावानिशी हाक मारतात. फक्त हिच्या पोरीच्या लग्नाची तारीख त्यांच्या लक्षात राहत नाही.

गंमत म्हणजे हे दुखणं गांधीजींनी ओळखलं होतं आणि तिला परोपरीने सांगितलं होतं. पण ज्याच्यात जीव अडकलाय त्यानेच सांगितलं की माझ्यात जीव अडकवू नकोस, तर ते ऐकायचं कसं? ते ऐकणंही त्याचीच आज्ञा पाळणं झालं!

तरी मीराबेन रडत बसणारी नव्हती. वर्ध्याजवळच्या सिंदी गावात ती हागणदारी साफ करायला जायची. मग शेगाव गावात जाऊन राहिली, एकटी गोरी बाई, चरखा घेऊन. तिच्या मागून, एप्रिल 1936 मध्ये, गांधीजी तिथे आले. त्यांची झोपडी तिने गावातलीच माती आणि लाकूड वापरून उभी करवली. आणि झालं काय, तर गांधीजी आले म्हणून मीराबेनने जवळच्या वरोडा गावात बिऱ्हाड हलवलं. शेगावचं नाव 1940 मध्ये सेवाग्राम झालं, कारण टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊन पडायचं.

मध्ये आणखी एक दुःख येऊन गेलं. पृथ्वीसिंह नावाचे एक क्रांतिकारक बरीच वर्षं भूमिगत होते, ते 1938 मध्ये गांधीजींकडे आले. पंचेचाळिशी ओलांडलेल्या मीराबेनला त्यांच्याशी लग्न करावंसं वाटलं. गांधीजींनी अडवलं नाही, उलट पाठिंबा दिला. नकार आला तो पृथ्वीसिंहांकडूनच. त्यानंतर ती हिमालयाच्या बाजूला गेली आणि बराच काळ मौन पाळून राहिली. इथेही देणारी तीच, असं आमच्यातली एक पुटपुटली.

1942 च्या ऑगस्टमध्ये ती गांधीजींबरोबर मुंबईत पकडली गेली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत राहिली. महादेवभाई देसाई तिथे आठवड्याच्या आत गेले, 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा गेल्या. कस्तुरबांशी ती कॅरम खेळायची, हे वाचून आम्हाला बरं वाटलं. दोघींच्या वाट्याला एकाच माणसाचं मोठेपण आलेलं होतं.

सुटल्यावर, बावन्नाव्या वर्षाच्या आसपास, मीराबेनने आपला वेगळा रस्ता धरला. आधी रुडकीजवळ किसान आश्रम, मग ऋषिकेशजवळ गुराढोरांसाठी पशुलोक. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला तेव्हा ती तिथेच होती. बातमी कळली, तरी अंत्यदर्शनाला ती दिल्लीला धावली नाही. ज्या बाईचा पूर्वी एका पत्रासाठी जीव टांगणीला लागायचा, तीच ही बाई. आम्ही यावर खूप बोललो, आणि एकमत झालं नाही.

पुढे ती भिलंगना नदीच्या खोऱ्यात राहिली. तिथे तिने जे पाहिलं ते आपल्यासारख्या सरपण-पाणी वाहणाऱ्या बायांना लगेच कळेल. डोंगरावर आधी बांज नावाची झाडं असायची. त्यांचा पाला गुरांना, पानगळीचं खत शेताला, आणि मुळाशी ओल धरल्यामुळे झरे जिवंत. त्यांच्या जागी चीड पसरत चालला होता. चिडाला राळ असते, लाकूड विकलं जातं, म्हणून तो सरकारच्या फायद्याचा. पण त्याची सुईसारखी पानं गुरं खात नाहीत, खाली गवत धड वाढत नाही, पाणी सरळ वाहून जातं आणि खाली पूर येतो. मीराबेनने हे लिहिलं, अधिकाऱ्यांना सांगितलं. चिपको आंदोलन 1973 चं, त्याच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पण हे काम तिचं स्वतःचं होतं. यात ती कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती.

1959 मध्ये तिने भारत सोडला. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ, ज्या मुलखात बेथोव्हेन राहिला आणि हिंडला, तिथे जाऊन राहिली. तेहतिसाव्या वर्षी सोडलेलं संगीत उतारवयात पुन्हा जवळ केलं. पुढची वर्षं तिथेच काढली आणि 20 जुलै 1982 ला, नव्वदीला थोडी कमी असताना, तिथेच वारली.

सेवाग्रामची ती भिंत अजून सारवतात. आजींनी निघताना तिथल्या माणसाला विचारलं, माती कुठली आणता म्हणून.