इपॉक्सी राळेचा चिवटपणा : कार्बन तंतू संमिश्रांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

कार्बन तंतू संमिश्रांचा इतिहास लिहिताना बहुधा तंतूंचाच इतिहास लिहिला जातो; तंतूंना बांधून ठेवणाऱ्या राळेची बोळवण एखाद्या वाक्यात होते. वस्तुतः विमानबांधणीत हा पदार्थ अनेकदा राळेपाशीच अडला.

इपॉक्सी राळ या तंतूंहून जुनी आहे. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां व अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी ती स्वतंत्रपणे विकसित केली. कार्बन तंतूंचे संशोधन १९६० च्या दशकात जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी व इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटने पुढे नेले. रोल्स-रॉइसने आरबी२११ इंजिनाच्या पंख्याची पाती या तंतूंच्या संमिश्रातून घडवली; १९७० मध्ये पक्षी-आघाताच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि टायटॅनियमकडे वळावे लागले. फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्याचा सारा दोष पात्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु आघातापुढील दुबळेपणा उघड झाला होता.

राळेतील रेणूंच्या ज्या दाट जाळ्यामुळे तिला ताठरपणा व उष्णतारोध लाभतो, त्याच जाळ्यामुळे ती ठिसूळ होते. दोन थरांच्या मधून जाणाऱ्या भेगेला अडवण्यास तेथे तंतू नसतो. पृष्ठभाग धड दिसत असताना आत थर सुटलेले असतात आणि दाब पडताच भाग निकामी होऊ शकतो.

अमेरिकेत मॅकगॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी राळेत द्रवरूप रबर मिसळण्याचा मार्ग अभ्यासला. राळ घट्ट होताना रबराचे सूक्ष्म कण वेगळे होतात. भेगेच्या टोकाशी त्यांत पोकळ्या पडतात, भोवतालची राळ विरूपण पावते आणि ऊर्जा शोषली जाते. नुसत्या राळेची भंग-ऊर्जा यामुळे दहापट वा अधिकही वाढू शकते. संमिश्रात मात्र हा लाभ बराच आटतो, कारण तंतूंमधील काही मायक्रॉनच्या फटीत विरूपणाला वावच नसतो. शिवाय विमानासाठीच्या दाट जाळ्याच्या राळेला रबर फारसे मानवत नाही, उष्णतारोधही घटतो. १९८३ मध्ये बकनॉल व पार्ट्रिज यांनी रबराऐवजी पॉलिइथरसल्फोन हे थर्मोप्लास्टिक वापरून पाहिले. चिवटपणातील वाढ माफकच होती.

निर्णायक ठरली ती जागेची निवड. जपानच्या तोरे कंपनीने चिवट कण सर्वत्र न मिसळता थरांच्या मधोमध ठेवले. भेग धावते ती जागा हीच. या पद्धतीचे संमिश्र बोइंग ७७७ च्या शेपटीत आणि पुढे ७८७ च्या मुख्य रचनेत आले. अर्थात मधला थर जाड होईल तसे तंतूंचे प्रमाण घटते. म्हणून त्याची जाडी किती ठेवावी, हा हिशेब प्रत्येक रचनेत नव्याने मांडावा लागतो.