सोज्ज्वळ प्रेमकथेमागील खडतर प्रदेश : बी. एम. बावर यांच्या पहिल्या ‘वेस्टर्न’ कादंबरीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इंग्रजी साहित्याच्या इतिहासात ‘वेस्टर्न’ ही संज्ञा पाश्चात्त्य या व्यापक अर्थाने वापरली जात नाही. मिसिसिपी नदीपलीकडील अमेरिकी गवताळ प्रदेश, तेथील गुरांची विस्तीर्ण कुरणे, घोडेस्वार गुराखी आणि नव्या वसाहती यांभोवती गुंफलेल्या लोकप्रिय कथासाहित्याला ही संज्ञा लावली जाते. आपल्याकडील वाचकाला हा प्रकार मुख्यतः चित्रपटांतून परिचित झाला. त्यामुळे बंदूक, पाठलाग, सूड आणि अबोल नायक हीच त्याची ओळख ठरली. याच साहित्यप्रकाराच्या आरंभकाळात बंदुकीपेक्षा थट्टामस्करीला आणि सूडापेक्षा अनुरागाला महत्त्व देणारी एक सोज्ज्वळ धाराही निर्माण झाली होती. ती रूढ करणाऱ्यांमध्ये एका स्त्रीचे स्थान अग्रभागी होते, ही बाब मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

ती स्त्री म्हणजे बर्था मझी बावर. ‘बी. एम. बावर’ या आद्याक्षरी नावाने त्यांनी लिहिलेली ‘चिप ऑफ द फ्लाइंग यू’ ही पहिली कादंबरी १९०४ साली ‘द पॉप्युलर मॅगझिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि १९०६ मध्ये ग्रंथरूपाने आली. प्रस्तुत निबंधात या पहिल्या कादंबरीपर्यंतचा लेखिकेचा प्रवास तपासला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मोंटाना प्रांतातील सामाजिक-आर्थिक परिस्थिती आणि लेखिकेचे जीवन यांचा परस्परसंबंध पाहणे.
२) या कादंबरीतील सोज्ज्वळ प्रेमकथेच्या स्वरूपाचा ऐतिहासिक अर्थ लावणे.
३) लेखिकेचे आद्याक्षरी नाव आणि कादंबरीतील श्रेयाचा प्रश्न यांतील नात्याचा शोध घेणे.

त्यासाठी चरित्रात्मक तपशील आणि कादंबरीची संहिता यांचा एकत्रित विचार करणारी ऐतिहासिक-विश्लेषणात्मक पद्धती अवलंबिली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मावळतीला लागलेले कुरण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोंटानामध्ये खुल्या कुरणाची अर्थव्यवस्था उभी राहिली. सरकारी मालकीच्या कुंपणविरहित जमिनीवर हजारो गुरे मोकळी सोडावयाची, ठरावीक हंगामात ती गोळा करून वासरांना मालकाच्या खुणेचा डाग द्यावयाचा आणि तयार जनावरे रेल्वेने बाजारात पाठवावयाची, असा हा व्यवहार होता. ‘फ्लाइंग यू’ हे नावही कादंबरीतील गुरांच्या अशाच एका डागखुणेवरून आलेले आहे.

ही व्यवस्था मुळात अस्थिर होती. १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात बर्फाखाली गवत गाडले गेले आणि असंख्य गुरे उपाशी मेली. त्या काळी गुराखी म्हणून काम करणाऱ्या चार्ल्स रसेल या चित्रकाराने लांडग्यांच्या पहाऱ्यात उभ्या असलेल्या एका हाडकुळ्या गायीचे छोटेसे चित्र काढून त्या संहाराची जणू नोंदच केली. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन याला काटेरी तारेचे एकस्व मिळाले होते. तेव्हापासून कुंपणे वाढू लागली, रेल्वे आली आणि शेतकरी वसाहतवाले येऊ लागले. १८९० च्या जनगणनेनंतर सलग अशी सीमारेषा उरली नसल्याचे जाहीर झाले. १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी त्याच घटनेवर आपला सुप्रसिद्ध सिद्धान्त उभारला. सारांश, गुराख्याचे जग साहित्यात स्थिर होऊ लागले तेव्हा प्रत्यक्षात ते मावळतीला लागले होते.

बर्था मझी ते बी. एम. बावर

बर्था मझी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७१ रोजी मिनेसोटा राज्यात झाला. १८८९ मध्ये, मोंटानाला राज्याचा दर्जा मिळण्याच्या सुमारास, मझी कुटुंब ग्रेट फॉल्स परिसरात स्थायिक झाले. वयाच्या अठराव्या वर्षाच्या आगेमागे बर्था यांनी तेथील एका लाकडी ओंडक्यांच्या शाळेत काही काळ अध्यापन केले. १८९० मध्ये क्लेटन बावर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली.

पुढे हे कुटुंब बिग सँडी या गावाच्या परिसरात गेले. गवताच्या कुरणालगतच्या ज्या एकाकी घरात ते राहिले, त्याला बर्था यांनी ‘ब्लीक केबिन’, म्हणजे उजाड झोपडी, असे नाव दिले होते. स्वयंपाक, धुणे, मुलांचे संगोपन, जेवणाऱ्या कामकऱ्यांची सोय आणि दीर्घ हिवाळ्यातील एकांत असे ते जीवन होते. वैवाहिक जीवनही सुखाचे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी लेखनाकडे वळण्याचे ठरविले, त्यामागे स्वतःचे उत्पन्न मिळवून या परिस्थितीतून बाहेर पडण्याची गरज प्रबळ होती. सवडीचा छंद म्हणून त्यांचे लेखन सुरू झाले नाही. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

या टप्प्यावर बर्ट्रंड सिंक्लेअर या तरुण गुराख्याचे साहाय्य उल्लेखनीय ठरते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि बालपणी कॅनडात आलेला हा तरुण मोंटानाच्या कुरणांवर काम करीत होता आणि बावर कुटुंबाकडे राहत असे. त्याला वाचनाची आवड होती. बर्था यांनी त्याला पुस्तके दिली आणि लेखनास प्रवृत्त केले. त्याने गुराख्यांच्या कामातील बारकावे त्यांना पुरविले. पुढे सिंक्लेअर स्वतःही कादंबरीकार झाला. स्त्रियांना गुरे गोळा करण्याच्या मोहिमांत सहसा प्रवेश नसे. त्यामुळे बर्था यांचे ज्ञान दोन वाटांनी आलेले होते. घर, अंगण आणि जेवणाचे टेबल यांतून मिळालेले ज्ञान त्यांचे स्वतःचे होते. कुरणावरचे ज्ञान त्यांनी कान देऊन मिळविलेले होते.

१९०४ मध्ये ‘लिपिनकॉट्स’ या मासिकात त्यांची कथा प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ‘चिप ऑफ द फ्लाइंग यू’ ही कादंबरी ‘द पॉप्युलर मॅगझिन’मध्ये आली. स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेने १९०३ मध्ये सुरू केलेल्या या नियतकालिकाला वाचनीय, वेगवान आणि कुटुंबात उघडपणे वाचता येईल अशा साहित्याची सतत आवश्यकता होती. १९०५ मध्ये बर्था यांनी घटस्फोट घेतला. पहिली कादंबरी आणि पहिल्या विवाहाचा शेत यांत जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे.

कादंबरीचे स्वरूप

कथानक साधे आहे. फ्लाइंग यू रँचच्या मालकाची बहीण डेला व्हिटमोर वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून रँचवर येते. पूर्वेकडून येणाऱ्या या तरुणीला घाबरविण्यासाठी गुराखी खोट्या फाशीचा देखावा उभा करतात. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ओवेन विस्टर यांची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यात गुरेचोरांना दिलेली फाशी हा नैतिकदृष्ट्या अत्यंत गंभीर प्रसंग आहे. दोनच वर्षांनी बावर यांनी तोच विधी एका खोडकर प्रहसनात रूपांतरित केला. विस्टर पूर्वेकडून पाहुणा म्हणून पश्चिमेत गेले होते. बावर तेथे घर चालवीत होत्या. ज्यांचे जेवण आपण वाढतो, त्या पुरुषांविषयी भव्यतेचा भ्रम बाळगणे कठीण असते. त्यांच्या विनोदाचे मूळ या निकटतेत असावे.

डेला घाबरत नाही. चिप या गुराख्याचा लाडका घोडा जायबंदी होतो तेव्हा ती त्याच्यावर उपचार करते. पुढे चिप स्वतः जखमी होतो आणि तिच्या देखरेखीखाली येतो. गैरसमज, रुसवे, परस्परांविषयीचा आदर आणि अखेरीस प्रेमाची कबुली या मार्गाने कथा पुढे सरकते. शारीरिक जवळिकीचे वर्णन नाही, निर्णायक बंदूकयुद्ध नाही, खलनायकाचा वध नाही. सोज्ज्वळ प्रेमकथेची सर्व लक्षणे येथे आढळतात.

परंतु नायिकेचे वैशिष्ट्य दुर्लक्षित करता येत नाही. ती डॉक्टर आहे. अमेरिकेत एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी १८४९ मध्ये वैद्यकीय पदवी मिळविली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या, हे मराठी वाचकास सुपरिचित आहे. म्हणजे डेलाचे पात्र अशक्य कोटीतील नव्हते. तरीही ते अपवादात्मक होते. तिला शिक्षण आहे, निवड करण्याचा अधिकार आहे आणि पुरुषांचा आदर मिळवून देणारे कौशल्य आहे. ‘ब्लीक केबिन’मधील गृहिणीजवळ जे नव्हते, ते तिने आपल्या नायिकेला दिले. म्हणून या प्रेमकथेतील गोडवा अनुभवाच्या अभावातून आलेला नाही. वास्तवाचा पुरेसा अनुभव घेतल्यानंतर केलेली ती निवड आहे.

नाव आणि श्रेय

कादंबरीचा सर्वाधिक लक्षणीय भाग चित्राच्या प्रसंगात आहे. डेला एक निसर्गचित्र सुरू करते, पण ते तिच्याकडून पुरे होत नाही. घरात अडकून पडलेला जखमी चिप गुपचूप त्यात गाय, वासरू आणि लांडगे रंगवितो. उपजत प्रतिभेचा हा चित्रकार कोणालाच ठाऊक नसतो. चित्राची वाहवा होते आणि श्रेय डेलाच्या नावावर जमा होते. या चित्राच्या कल्पनेवर रसेलच्या उपरोक्त चित्राची छाया स्पष्ट दिसते. १९०६ च्या ग्रंथाला रसेलचीच चित्रे लाभली, हा सुसंगत योगायोग म्हणावा लागेल.

दुसरा प्रसंग विनोदी आहे. डेलाच्या बोलण्यात वारंवार येणारे ‘डॉ. सेसिल’ म्हणजे आपला प्रतिस्पर्धी पुरुष असावा, या समजुतीने चिप अस्वस्थ होतो. प्रत्यक्षात डॉ. सेसिल ही डेलाची मैत्रीण निघते.

हे दोन्ही प्रसंग लेखिकेच्या स्थितीशी ताडून पाहिले असता त्यांचा अर्थ अधिक खोल होतो. ‘बी. एम. बावर’ या नावावरून लेखक स्त्री आहे की पुरुष हे कळत नव्हते, आणि बहुसंख्य वाचकांनी तो पुरुषच मानला. गुराख्यांविषयीचे लेखन अनुभवी पुरुषाचेच असणार, हा बाजाराचा संकेत होता. एका कथेत कलाकृतीचे श्रेय चुकीच्या नावाकडे जाते आणि केवळ नावावरून स्त्रीला पुरुष समजले जाते. त्या कथेवरील लेखिकेच्या नावाबाबतही नेमके तेच घडते. लेखिकेने हे साम्य हेतुपुरस्सर योजले होते, असा दावा येथे केलेला नाही. मात्र संहितेतील साक्ष लक्षणीय आहे. कादंबरीत सत्य उघड होते, चित्रकाराला त्याचे श्रेय मिळते आणि डॉ. सेसिल समोर येते. प्रत्यक्ष जीवनात बी. एम. बावर कोण, हे अनेक वाचकांना कधीच कळले नाही.

सोज्ज्वळतेच्या मर्यादा

या चित्रणात दोन गोष्टी वगळल्या गेल्या. पहिली, ज्या भूमीवर ही गुरे चरत होती ती ब्लॅकफीट, ग्रो व्हान्त्र आणि असिनिबॉइन या मूलनिवासी समाजांची होती. १८८८ च्या कायद्याने उत्तर मोंटानातील त्यांच्या राखीव क्षेत्राचा फार मोठा भाग वसाहतीसाठी खुला झाला. बर्था यांचे कुटुंब तेथे पोहोचले ते त्यानंतरच्याच दशकात. कादंबरीच्या केंद्रस्थानी हा समाज कोठेही येत नाही. हसऱ्या रँचचे चित्र या मौनावर उभे आहे.

दुसरी वगळलेली गोष्ट लेखिकेने स्वतःच पुढे भरून काढली. १९१२ च्या ‘लोनसम लँड’ या कादंबरीत पूर्वेकडून लग्नासाठी मोंटानात आलेली तरुणी, तिचा मद्यासक्त पती आणि त्या एकाकी संसाराची घुसमट यांचे चित्रण आहे. पहिल्या कादंबरीत ज्यास स्थान मिळाले नाही, ते लिहिण्यासाठी आठ वर्षे आणि लेखिका म्हणून स्थिर झालेले नाव यांची आवश्यकता होती, असे दिसते.

निष्कर्ष

१) ‘चिप ऑफ द फ्लाइंग यू’चा उगम आर्थिक स्वावलंबनाच्या गरजेत आहे. नियतकालिकांच्या नव्या बाजारपेठेमुळे एका दूरस्थ गृहिणीला ही वाट उपलब्ध झाली.
२) या कादंबरीतील सोज्ज्वळता ही भोळेपणाची खूण नसून जाणीवपूर्वक केलेली निवड आहे. तिच्याआड शिक्षित, स्वतंत्र स्त्रीचे एक आदर्श चित्र वाचकांपर्यंत पोहोचले.
३) वेस्टर्न साहित्याची परंपरा केवळ पुरुषांनी घडविली, ही समजूत काही अंशी आद्याक्षरी नावाने झाकल्या गेलेल्या लेखिकांमुळे टिकून राहिली. झेन ग्रे यांची ‘द हेरिटेज ऑफ द डेझर्ट’ १९१० मध्ये आली. बावर यांची कादंबरी तिच्या सहा वर्षे आधीची आहे.
४) तथापि या प्रेमकथेचे जग मूलनिवासींच्या विस्थापनाविषयी मौन बाळगते. तिचे मूल्यमापन करताना हे मौन नजरेआड करता येणार नाही.

बावर यांनी पुढे साठच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या कादंबरीवर १९१४ मध्ये टॉम मिक्स यांची भूमिका असलेला चित्रपट निघाला आणि १९३९ पर्यंत तिची पुन्हा पुन्हा चित्रपटरूपे होत राहिली. २३ जुलै १९४० रोजी लॉस एंजेलिस येथे लेखिकेचे निधन झाले. लोकप्रिय म्हणून बाजूला सारलेल्या साहित्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिल्यास त्यातील हसऱ्या पृष्ठभागाखाली किती कष्ट, किती तडजोड आणि किती निर्धार साठलेला असतो, याचा प्रत्यय या एका पहिल्या कादंबरीवरून येतो.