बदली : कोणाच्या जागी?

सरकारी नोकराच्या घरी ‘बदली झाली’ म्हटलं की सामानाची बांधाबांध, मुलांचे शाळेचे दाखले आणि दारात उभा टेम्पो डोळ्यांपुढे येतो. लालबाग-परळच्या चाळींत हाच शब्द वेगळा बोलला जाई. तिथे बदली होत नसे, बदली मिळत असे. पहाटे बाहेर पडलेला माणूस तासाभरात परत आला, तर बदली मिळाली नाही हे विचारावं लागत नसे. त्याच्या हातातला डबा भरलेलाच असे.

‘बदल’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. एकाच्या ऐवजी दुसरा, हा त्याचा गाभा. ‘बदली’ म्हणजे कुणाच्या तरी ऐवजी आलेला. क्रिकेटमधला बदली खेळाडू आठवा. या शब्दात नेहमी दोन माणसं असतात, एक गेलेला आणि एक त्याच्या जागी उभा राहिलेला. गेलेला माणूसच नसेल, तर बदली या शब्दाला अर्थ उरत नाही. या शब्दाची सगळी कहाणी त्या गेलेल्या माणसाची आहे. तो हळूहळू नाहीसा झाला आणि बदली मात्र तशीच राहिली.

मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या 1850च्या दशकात. कावसजी दावरांची पहिली गिरणी ताडदेवची. तिच्यामागून आलेल्या गिरण्यांत कामाला आला तो मुख्यतः रत्नागिरीचा कोकणी आणि साताऱ्याकडचा घाटावरचा माणूस. त्याने गाव सोडलं, पण गावचं शेत सोडलं नाही. बायकापोरं बहुधा गावीच होती. पेरणीला, कापणीला, शिमग्याला, गणपतीला त्याला जावंच लागे. शिवाय खात्यातली उष्णता, कापसाची धूळ, ताप, खोकला. कुणी ना कुणी रोज गैरहजर असणार, हे गिरणी चालवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि साचा रिकामा ठेवून तर चालत नाही. म्हणून दारात जास्तीची माणसं उभी असणं गिरणीला हवंच होतं. भोंगा झाला, हजेरी झाली, की कोण आलं नाही ते कळे आणि दारातल्या माणसांतून तेवढी आत घेतली जात. बाकीचे घरी.

आत कुणाला घ्यायचं हे ठरवायचा जॉबर. जॉबर म्हणजे मुकादम, कामगारांतूनच वर आलेला. बायकांच्या खात्यांत, वाइंडिंगला आणि रीळिंगला, हेच काम नाईकीण करी. साहेबाला कामगाराची भाषा येत नसे आणि नावंही माहीत नसत. त्यामुळे भरती, रजा, दंड, हकालपट्टी असं सगळं जॉबरच्या हातात गेलं. तो आपल्या गावची माणसं आणी, त्यांना खोलीत जागा मिळवून देई, अडल्यानडल्याला पैसे देई. बदल्यात दस्तुरी घेई. काम लागताना एकदा आणि पुढेही अधूनमधून, पगारातून. या माणसाला निव्वळ खलनायक ठरवणं मला पटत नाही, कारण परक्या शहरात उतरलेल्या गावकऱ्याला पहिला आधार त्याचाच होता. पण आधार आणि पकड एकाच हातात असली की पकडच घट्ट होते. बदली माणसाची रोजची भाकरी जॉबरच्या मानेच्या एका हालचालीवर ठरू लागली.

त्यात पगाराची रीत अशी की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्याला. नव्याने लागलेल्या माणसाने तोवर उधारीवर जगायचं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जो अर्ज केला, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. रविवारच्या सुट्टीची मागणी त्यात होती हे आपल्याला माहीत असतं, आणि ती 10 जून 1890 रोजी मान्य झाली हेही. पण पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत पगार मिळावा, अशीही एक मागणी त्यात होती. ती फारशी कुणाच्या लक्षात नाही. पगार ठरल्या तारखेच्या आत देण्याचं कायद्याचं बंधन आलं ते 1936 साली.

दरम्यान 1928चा सहा महिन्यांचा संप झाला आणि लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. वर्षभरात तिचे सभासद 50 हजारांच्या वर गेले. तिच्या गिरणीगिरणीतल्या कमिट्यांनी पहिल्यांदाच जॉबरला उभं करून विचारलं, याला का काढलंस? पुढे व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही मजूर आयोगानेही 1931च्या अहवालात सांगितलं की कामावर घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्या.

मग गिरणीमालक संघाने 1935 साली एक व्यवस्था आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना बदली कार्ड द्यायचं. कार्डवाल्याने रोज सकाळी गिरणीत हजर राहायचं. जागा रिकामी झाली की आधी कार्डवाल्यांतून भरायची, बाहेरचा माणूस नंतर. जॉबरच्या मर्जीला आवर घालायला निघालेली ही गोष्ट होती आणि तेवढ्यापुरती ती चांगलीच होती. पण त्याबरोबर आणखीही काही घडलं. तोवर बदली हे एका दिवसाचं काम होतं. आता बदली हा एक वर्ग झाला, कार्डावर छापलेला. काम असो वा नसो, रोज यायचं बंधन त्याच्यावर आणि काम द्यायचं बंधन कुणावरच नाही. ज्या दिवशी आत घेतलं नाही त्या दिवसाचे पैसे नाहीत.

कायद्याच्या पुस्तकांत हा शब्द शिरला तो असाच, भाषांतर न होता. 1946च्या स्थायी आदेशांच्या, म्हणजे नोकरीच्या शर्तींच्या, केंद्रीय नियमांत कामगारांचे प्रकार दिले आहेत : कायम, उमेदवारीवरचा, तात्पुरता वगैरे. त्या इंग्रजी यादीत हा आपला ‘बदली’ तसाच बसलेला आहे. 1953 साली औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या भरपाईचं कलम आलं. काम नसल्याने बसवून ठेवलेल्या कामगाराला निम्मा पगार द्यावा, असं ते सांगत होतं. मात्र बदलीला नाही. पण तिथेच बदली म्हणजे कोण हेही लिहिलं होतं : हजेरीपटावर नाव असलेल्या दुसऱ्या कामगाराच्या जागी लावलेला कामगार. आणि पुढे असं की सलग एक वर्षाची नोकरी झाली की या कलमापुरता तो बदली राहत नाही. वर्ष कसं मोजायचं? 12 महिन्यांत 240 दिवस काम, की वर्ष भरलं. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनी तर याच्या पुढे पाऊल टाकलं. मागच्या 12 महिन्यांत 240 दिवस भरलेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करावं, असं त्यांत स्पष्ट म्हटलं.

हा 240चा आकडा मी पहिल्यांदा पाहिला तो भिंतीवरच्या कालनिर्णयवर. आमच्या शेजारचे एक काका गिरणीत बदलीवर होते. त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर दोन हिशेब चालत. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेवर काकूंची फुली, आणि ज्या दिवशी बदली मिळाली त्या तारखेखाली काकांची पेन्सिलीची बारीक उभी रेघ. महिना संपला की काकू फुल्या मोजत आणि काका रेघा. रेघांची बेरीज ते पानाच्या कोपऱ्यात लिहीत, मागच्या महिन्यांच्या बेरजेत मिळवून. बेरीज 200च्या पुढे सरकली की ते घरात कमी बोलत. मग एक दिवस गिरणीतून निरोप येई, ‘जरा गावाला जाऊन या.’ परत आल्यावर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे मी एकदा नाही, दोनदा पाहिलं. लहानपणी मला वाटे, काकांना गाव आवडतं.

हीच चाल ओळखून महाराष्ट्राने 1971 सालचा कायदा केला, कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित प्रथा रोखण्याचा. तो अमलात आला सप्टेंबर 1975 मध्ये. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकांच्या अनुचित प्रथांची यादी आहे. तिच्यातली सहावी बाब अशी : कायम कामगाराचा दर्जा आणि सवलती मिळू नयेत या हेतूने माणसांना बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरतं म्हणून वर्षानुवर्षं ठेवणं. मला वाटतं, आपल्या राज्याच्या कायद्यांत इतकी नेमकी ओळ क्वचित सापडेल. कॅलेंडरावर रेघा मारणाऱ्या माणसाचं दुखणं तिने जसंच्या तसं पकडलं.

तरी गिरण्यांत रेघा थांबल्या नाहीत. 18 जानेवारी 1982 रोजी अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा हीही मागणी होती. त्या संपाचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. गिरण्या गेल्या. शब्द गेला नाही. तो रुग्णालयांच्या वॉर्डांत, सफाई खात्यांत, एसटीच्या आगारांत चालतच राहिला.

सहाव्या बाबीची कसोटी लागली ती मात्र गिरणीत नाही, डोंगरावर. पुण्यात पाचगाव-पर्वतीला वनखात्याच्या योजनेवर मजूर राबत होते. अहमदनगर भागात सामाजिक वनीकरणाच्या कामावरही होते. 5-6 वर्षं काम करूनही ते तात्पुरतेच. खात्याचं म्हणणं, आमचा हेतू तसा नव्हता. मालकाच्या मनातला हेतू मजुराने सिद्ध कसा करायचा? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1995 मध्ये सांगितलं की इतकी वर्षं एखाद्याला तात्पुरतं ठेवलं, यातच हेतू दिसतो. झाडं लावणाऱ्या मजुरांनी मिळवलेला हा निकाल गिरणगावातल्या किती काकांच्या कामी आला असता! 2009 साली एसटीच्या स्वच्छकांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ही बाब अजून जिवंत आहे, औद्योगिक न्यायालय तिच्याखाली कायम करण्याचा आदेश देऊ शकतं, हे पुन्हा स्पष्ट केलं.

आज बदली हा शब्द कमी ऐकू येतो. कंत्राटी, रोजंदारी, तासिका तत्त्वावर, आउटसोर्स अशी नवी नावं आली. महाविद्यालयात वर्षानुवर्षं तासिकेवर शिकवणारा प्राध्यापक गिरणीच्या दारात उभा नसतो, पण त्याचाही तासच मोजला जातो. आणि ‘गावाला जाऊन या’ या निरोपाला आता ‘ब्रेक’ म्हणतात. कारखान्यांच्या पट्ट्यांत तो शब्द पोराटोरांना कळतो : सात महिने झाले, ब्रेक दिला. नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही बदली कामगाराची व्याख्या जवळपास 1953चीच आहे : हजेरीपटावर नाव असलेल्या दुसऱ्याच्या जागी.

म्हणून तात्पुरतं म्हणून लागलेल्या प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा, एकट्याने जमत नसेल तर युनियनमार्फत विचारावा : मी कोणाच्या जागी आहे? त्या माणसाचं नाव सांगा. आणि उत्तर मिळेपर्यंत पगाराची पावती, गेटपास, हजेरीचा प्रत्येक कागद जपून ठेवा. काहीच मिळत नसेल तर घरच्या कॅलेंडरवर रोजची रेघ मारा, आणि वर्ष संपलं तरी ते कॅलेंडर रद्दीत घालू नका.