शेपटीवाला हेर

वाचकहो, गावात कुणाचं पत्र कुठून येतं, हे पोस्टमनइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. १९४४ साली अमेरिकेच्या लष्करी गुप्तचरांनी म्हणूनच एका पोस्टमनला हाताशी धरले. माहिती हवी होती ती क्लीव्ह कार्टमिल नावाच्या लेखकाची.

या गृहस्थांचा अपराध काय? तर त्यांनी एक गोष्ट लिहिली होती, आणि तीही परक्या ग्रहावरची! 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या मासिकाच्या मार्च १९४४ च्या अंकात ती 'डेडलाइन' नावाने आली. नायक हेर, पण त्याला चक्क शेपूट. शत्रूच्या मुलखात शिरून त्यांचा बाँब निकामी करायचा, ही त्याची कामगिरी. शत्रूचे नाव 'सिक्सा'. त्याची इंग्रजी अक्षरे उलटी वाचा, 'अ‍ॅक्सिस' होते. म्हणजे जर्मनी, इटली, जपान. नायकाच्या बाजूचे 'सीला', म्हणजे 'अ‍ॅलाइज', दोस्त राष्ट्रे. कथा म्हणून बेताचीच, हे मी आधीच सांगून टाकतो.

मग सरकार दचकले कशाने? बाँबच्या वर्णनाने. खनिजातल्या युरेनियमच्या हजार अणूंत जेमतेम सात अणू '२३५' या जातीचे. ते निवडून काढायचे, अलग अलग ठेवायचे आणि ऐन वेळी एकत्र आणायचे. चुलीत एकटे लाकूड नुसते धुमसते; चार जवळ सरकवली की भडका उडतो, तसेच काहीसे. आणि नेमका हाच उद्योग तेव्हा लॉस अलामॉसला कडेकोट बंदोबस्तात चालला होता! तिथले शास्त्रज्ञही जेवताना या गोष्टीची चर्चा करीत.

मासिकाचे संपादक जॉन कँपबेल हे पदार्थविज्ञानाचे पदवीधर. लेखकाला पत्रांतून शास्त्र पुरवले होते ते त्यांनीच. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला त्यांनी सरळ सांगितले, की यात चोरीचे काही नाही. खरेच होते ते. हान आणि स्ट्रासमान या जर्मन शास्त्रज्ञांनी युरेनियमचा अणू फुटतो हे जानेवारी १९३९ मध्ये उघड छापले होते. शिक्षकबंधूंनो, पुढचे बरेचसे त्या वेळी कुठल्याही चांगल्या ग्रंथालयात सापडले असते. कँपबेल यांचा दुसरा मुद्दा तर मला फार मार्मिक वाटतो: अणूच्या गोष्टी आम्ही कित्येक वर्षे छापतो आहोत, त्या एकाएकी थांबल्या, तर शत्रूला वेगळा सुगावा हवाच कशाला?

खटलाबिटला काही झाला नाही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब पडला. गोष्टीत तो 'सिक्सां'कडे होता आणि शेपटीवाल्या हेराने तो वेळीच निकामी केला. हिरोशिमावर तो टाकला 'सीलां'नी.